प्राचीन इजिप्तमधील समाजाचे थर आणि रोजचे जगणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्त म्हटले की पिरॅमिड, ममी आणि सोन्याचे मुखवटे डोळ्यांसमोर येतात. या सगळ्यामागे शेतात राबणारी, विटा पाडणारी, हिशेब लिहिणारी आणि महिनाअखेरीस धान्याची वाट पाहणारी माणसे होती. पुढील प्रश्नोत्तरे मुख्यतः त्यांच्याविषयी आहेत.

प्राचीन इजिप्त म्हणजे नेमका कोणता काळ?

इ.स.पू. ३१००च्या सुमारास उत्तर आणि दक्षिण इजिप्त एका राजाच्या अमलाखाली आले, आणि इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्राच्या मृत्यूनंतर हा देश रोमच्या ताब्यात गेला. एवढ्या तीन हजार वर्षांविषयी एकच सरसकट विधान करणे धोक्याचे असते. पिरॅमिडांचा काळ ‘जुन्या राज्या’चा, तर तुतानखामून आणि रामसेस हे राजे ‘नव्या राज्या’चे, म्हणजे साधारण इ.स.पू. १५५० ते १०७० या काळातले. दोहोंत हजारावर वर्षांचे अंतर आहे. खालील बहुतेक उदाहरणे नव्या राज्यातली आहेत, कारण सामान्य माणसांविषयीचा सर्वांत बोलका पुरावा त्याच काळातला आहे.

समाजात किती वर्ग होते? पाठ्यपुस्तकात दाखवतात ती त्रिकोणी आकृती बरोबर आहे का?

वर फॅरो म्हणजे राजा, त्याखाली वझीर आणि बडे अधिकारी, मग पुरोहित, सैनिक आणि लेखनिक, त्याखाली कारागीर, सर्वांत खाली शेतकरी आणि गुलाम, अशी ती आकृती असते. ढोबळमानाने ती चुकीची नाही, परंतु खुद्द इजिप्तच्या लोकांनी आपल्या समाजाचे असे रेखीव थर कुठे पाडून ठेवलेले नाहीत. एकच माणूस एकाच वेळी जमीनदार, अधिकारी आणि देवळातला पुरोहित असू शकत असे. रामसेस पाचव्याच्या काळातल्या एका मोठ्या जमीन-नोंदीत भूधारक म्हणून पुरोहितांबरोबर सैनिक, तबेल्याचे प्रमुख, गुराखी आणि स्त्रिया यांचीही नावे येतात, आणि त्या त्रिकोणात त्यांना नेमके कुठे बसवायचे हे सांगता येत नाही.

माझ्या मते त्रिकोणापेक्षा धान्याच्या मापाकडे पाहिले तर हा समाज अधिक नीट कळतो. धान्य कोण पिकवतो, ते कोण मोजतो, ते कोणाच्या कोठारात जाते आणि तिथून कोणाला किती मिळते, या चार प्रश्नांच्या उत्तरांत माणसाची पायरी ठरत असे. शेतकरी पिकवत असे, लेखनिक मोजत असे, राजा आणि देवळे साठवत असत, आणि कारागीर, सैनिक व नोकरचाकर यांचे पोट त्या कोठारावर चालत असे.

ही आपल्याकडच्यासारखी जातिव्यवस्था होती का?

नाही. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेलेल्या हेरोडोटस या ग्रीक लेखकाने तिथे सात वर्ग असल्याचे लिहिले आहे. त्यात पुरोहित, योद्धे, गुराखी, डुकरे पाळणारे, व्यापारी, दुभाषे आणि नावाडी येतात, पण देशातले बहुसंख्य लोक असलेले शेतकरीच त्यात नाहीत. त्यामुळे ती यादी शब्दशः घेण्यासारखी नाही. बापाचा धंदा मुलाने चालवावा, ही रीत सर्वत्र होती आणि म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ असेच म्हणत. मात्र जन्मामुळे दुसऱ्या धंद्याची किंवा रोटीबेटीची दारे कायमची बंद झाली, असे तिथे दिसत नाही.

वर चढण्याची वाट अरुंद होती, पण होती. एल-काब येथील अहमोस नावाच्या सैनिकाने आपल्या थडग्याच्या भिंतीवर स्वतःची हकिगत कोरून घेतली आहे. जहाजावरचा साधा सैनिक म्हणून सुरुवात करून त्याने तीन राजांच्या पदरी चाकरी केली, शौर्यासाठी सात वेळा सोने मिळवले, आणि जमीन व युद्धकैदी गुलाम यांचा धनी होऊन तो नौदलाचा अधिकारी म्हणून मेला.

सामान्य माणसांविषयी एवढी माहिती मिळते तरी कुठून?

बरीचशी एकाच गावातून मिळते. आजच्या लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल-मदीना नावाचे ठिकाण आहे. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे, रंगवणारे आणि कोरणारे कारागीर तिथे आपल्या कुटुंबांसह सुमारे चारशे वर्षे राहिले. पपायरस, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेला कागद, महाग असल्यामुळे रोजची टिपणे ते फुटक्या मडक्यांच्या खापरांवर आणि चुनखडीच्या चिपांवर लिहीत आणि काम झाले की टाकून देत. बेर्नार ब्रुयेर या फ्रेंच उत्खननकाराने १९२२ ते १९५१ या काळात हे गाव खणून काढले. गावाजवळच्या एका प्रचंड खड्ड्यात अशा हजारो खापऱ्या सापडल्या. त्यांत उधारीच्या नोंदी, भांडणे, प्रेमगीते, औषधांचे पाठ, धुण्याच्या याद्या आणि मित्राला लिहिलेल्या तक्रारी आहेत. राजांचे शिलालेख पुढच्या पिढ्यांनी वाचावेत म्हणून कोरलेले असतात. या खापऱ्या तशा हेतूने लिहिलेल्या नाहीत, म्हणून मला त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे गाव सरकारी नोकरांचे होते आणि तिथे लिहितावाचता येणाऱ्यांचे प्रमाण इतर खेड्यांपेक्षा पुष्कळच जास्त होते. नाईलकाठच्या साध्या शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले असे आपल्यापाशी जवळजवळ काहीच नाही.

शेतकऱ्याचे वर्ष कसे जात असे?

वर्षाचे तीन ऋतू होते आणि तिन्ही नदीने ठरवलेले होते : पुराचा ‘आखेत’, पाणी ओसरून पेरणी होण्याचा ‘पेरेत’ आणि कापणीचा ‘शेमू’. प्रत्येक ऋतू चार महिन्यांचा, महिना तीस दिवसांचा आणि वर्षाअखेरीस पाच जादा दिवस, असे ३६५ दिवसांचे वर्ष होते. इथिओपियाच्या डोंगरांत पडलेल्या पावसाने जुलैपासून नाईल फुगत असे, पाणी बांध घातलेल्या वाफ्यांत शिरत असे, काही आठवडे तिथेच थांबत असे आणि मागे काळा गाळ ठेवून जात असे. याच काळ्या जमिनीवरून ते आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणजे काळी भूमी म्हणत, आणि पलीकडच्या वाळवंटाला ‘देशरेत’ म्हणजे तांबडी भूमी.

पिके मुख्यतः तीन : गहू, सातू आणि जवस. त्यांचा गहू म्हणजे आपल्याकडे सांगली-साताऱ्याच्या भागात अजूनही पिकणारा खपली गहू. दाण्यावर घट्ट बसलेले साल काढण्यासाठी तो आधी कांडावा लागतो, आणि हे काम तिथल्या घरोघरच्या बायका पाणी शिंपडून उखळात करत असत. जवसाच्या देठापासून धागा निघत असे आणि त्याचे कापड होत असे. बागेला पाणी देण्यासाठी नव्या राज्याच्या काळात ‘शादूफ’ आला, म्हणजे एका टोकाला पोहरा आणि दुसऱ्या टोकाला मातीचा गोळा लावलेली लांब दांडी.

पीक उभे असतानाच लेखनिक दोरी घेऊन शेत मोजायला येत असे. त्यावरून सारा ठरत असे आणि मळणीनंतर तो धान्यातच वसूल होत असे. थडग्यांतल्या चित्रांत दोरी धरलेले मोजणीदार, खळ्यावरचे लेखनिक आणि सारा थकवल्याबद्दल मार खाणारे शेतकरी एकाच भिंतीवर दिसतात. याशिवाय कालवे, बांध आणि राजाची बांधकामे यांसाठी वेठीलाही जावे लागत असे.

पिरॅमिड गुलामांनी बांधले का?

नाही. एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबत होती असे हेरोडोटसने लिहिले आहे, पण तो पिरॅमिडांनंतर दोन हजार वर्षांनी आला होता. गिझाच्या पिरॅमिडांजवळ झाही हवास आणि मार्क लेनर यांनी केलेल्या उत्खननांत कामगारांची वस्ती, भट्ट्या, गुरेमेंढ्यांच्या हाडांचे ढीग आणि १९९० पासून खुद्द कामगारांची थडगी सापडली. मोडलेली हाडे नीट बसवून बरी झाल्याच्या खुणा त्यांतल्या सांगाड्यांवर आहेत. गुलामांना कोणी राजाच्या पिरॅमिडाच्या सावलीत मानाने पुरले नसते.

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पियेर ताले यांच्या चमूला त्याहूनही थेट पुरावा मिळाला. गिझाचा सर्वांत मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाच्या काळातल्या मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची ती रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांच्या तुकडीसह तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे, ते नाईलवरून गिझाला पोचवायचे आणि परत फिरायचे, असा त्याचा दिनक्रम तीत लिहिलेला आहे.

मग इजिप्तमध्ये गुलाम नव्हतेच का?

होते. नव्या राज्यात सीरिया आणि न्युबिया (इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश) येथील युद्धांतून मोठ्या संख्येने कैदी आणले जात आणि राजा ते देवळांना, अधिकाऱ्यांना आणि शूर सैनिकांना वाटून देत असे. तुथमोस तिसऱ्याचा वझीर रेखमिरे याच्या थडग्यात विटा पाडणाऱ्या कैद्यांचे प्रसिद्ध चित्र आहे. गुलामाची खरेदी-विक्री होत असे आणि त्याला भाड्यानेही देता येत असे. त्याच राजाच्या सत्ताविसाव्या वर्षी राजाचा न्हावी साबास्तेत याने मात्र, युद्धात हाती लागलेल्या आपल्या गुलामाला मुक्त करून आपली भाची त्याला दिल्याची नोंद करून ठेवली. अशी उदाहरणे थोडी आहेत आणि त्यांवरून तिथली गुलामी सौम्य होती असा निष्कर्ष काढू नये. पकडून आणलेल्या बहुसंख्य माणसांची नावेसुद्धा आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

लेखनिकाला एवढे महत्त्व का होते?

कारण शंभरात एखाद्यालाच वाचता येत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सारा, रोजगार, देवळाचे उत्पन्न आणि सैन्याचा शिधा यांतले काहीच त्याच्या लेखणीशिवाय हलत नसे, आणि स्वतः लेखनिक वेठीतून सुटलेला असे. ‘मध्य राज्या’त, म्हणजे जुन्या आणि नव्या राज्यांच्या मधल्या काळात, रचलेल्या एका उपदेशपर लेखनात खेती नावाचा बाप आपल्या पेपी या मुलाला नावेतून राजधानीतल्या शाळेत घालायला नेतो आणि वाटेत एकेका धंद्याचे हाल ऐकवतो. कुंभार डुकरापेक्षा जास्त चिखलात लोळतो, परटाला मगरींच्या शेजारी कपडे धुवावे लागतात, आणि वर हुकूम करणारा कोणी नसलेला माणूस एकच, तो म्हणजे लेखनिक. शाळेतली मुले हाच मजकूर पिढ्यान्‌पिढ्या गिरवत राहिली. हे वर्णन लेखनिकांनीच लेखनिकांसाठी केलेले आहे, याची जाणीव ठेवून ते वाचावे लागते.

नाणी नव्हती, तर पगार आणि खरेदी कशी होत असे?

पगार धान्यात मिळत असे. देर अल-मदीनातल्या साध्या कारागिराला महिन्याला ४ खार गहू आणि दीड खार सातू मिळत असे. ‘खार’ हे सुमारे ७७ लिटरचे माप, म्हणजे एकूण सव्वाचारशे लिटरच्या आसपास धान्य झाले. मुकादमाला साडेपाच खार गहू आणि २ खार सातू मिळत असे. मुकादम आणि साधा कारागीर यांच्यातला फरक दुपटीचाही नव्हता, हे मला विशेष वाटते. गव्हाची भाकरी होत असे आणि सातूची बीअर. याखेरीज मासे, भाजी, सरपण, मडकी आणि पाणी सरकारकडून येत असे. गावात विहीर नसल्यामुळे पाणी गाढवांवरून वाहून आणावे लागत असे.

उरलेले धान्य अदलाबदलीसाठी वापरत आणि किंमत तांब्याच्या ‘देबेन’ या सुमारे ९१ ग्रॅमच्या वजनात सांगत. खारभर धान्याचा भाव साधारण २ देबेन असे, तर गाढवाला २५ ते ४० देबेन पडत. प्रत्यक्ष तांबे हातात द्यावे लागतेच असे नाही. तेवढ्या मोलाच्या टोपल्या, तेल, कापड आणि एखादे बकरे मिळून सौदा पुरा होत असे.

घरे कशी असत?

घरे कच्च्या विटांची, सपाट धाब्याची असत. दगड देवांसाठी आणि मृतांसाठी वापरत. म्हणूनच देवळे आणि थडगी टिकली आणि गावे विरघळून गेली. देर अल-मदीनात तटाच्या आत सुमारे ६८ घरे होती, एकमेकांना भिंतीने लागलेली, लांबट आणि अरुंद. रस्त्यावरून आत गेले की पहिल्या खोलीत विटांचा उंच ओटा असे, बहुधा घरदेवतांसाठी. दुसरी खोली सर्वांत उंच, मधोमध खांब, भिंतीलगत बसायला कट्टा आणि काही घरांत त्याच्याखाली तळघर. त्यामागे लहान खोली आणि शेवटी उघड्यावरचे किंवा पाचटाने शाकारलेले स्वयंपाकघर, त्यात मातीची चूल, उखळ आणि धान्य दळायचा पाटा. जिना धाब्यावर जात असे. उन्हाळ्याच्या रात्री माणसे तिथेच झोपत असावीत.

लोक काय खात आणि काय नेसत?

भाकरी, बीअर आणि कांदा हे रोजचे अन्न होते. जोडीला लसूण, मसूर, काकड्या, खजूर, अंजीर आणि नदीतले मासे. गोमांस सणासुदीला, श्रीमंतांकडे मात्र वरचेवर. पाट्याची कच आणि वाळवंटातली वाळू पिठात जात असे, त्यामुळे ममींचे दात, अगदी राजांचेसुद्धा, झिजलेले दिसतात.

कपडे जवसाच्या धाग्याचे. पुरुष कमरेला आखूड वस्त्र गुंडाळत आणि स्त्रिया लांब झगा घालत; दर्जा कापडाच्या तलमपणावरून कळत असे. काजळ स्त्री-पुरुष दोघेही घालत. १९०६ मध्ये एर्नेस्तो स्कियापारेल्ली याला खा नावाचा बांधकाम-प्रमुख आणि त्याची पत्नी मेरित यांचे न लुटलेले थडगे देर अल-मदीनाजवळ सापडले. त्यात पलंग, भाकऱ्या, मेरितचा खऱ्या केसांचा टोप, तिची प्रसाधनाची पेटी आणि कितीतरी लंगोट होते, आणि कापडांवर मालकाची खूण घातलेली होती. ही खूण परटासाठी असणार. गावाला सरकारी परीट नेमलेले असत आणि कोणत्या घरचे काय धुवायला गेले, हे खापरीवर कपड्यांची चित्रे काढून टिपत.

कामाला सुट्टी मिळत असे का?

आठवडा दहा दिवसांचा होता आणि त्याच्या शेवटी सुट्टी असे. सणांच्या सुट्ट्या वेगळ्या. रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षीचा, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकातला, एक गैरहजेरीपट उपलब्ध आहे. चुनखडीच्या मोठ्या चिपेवर चाळीस कामगारांची नावे, त्यांच्यापुढे काळ्या शाईत तारखा आणि वर लाल शाईत कारणे आहेत. कोणी आजारी होता, कोणाला विंचू चावला होता, कोणी भावाचे प्रेत मसाल्यात ठेवण्याच्या कामी गेला होता, कोणी सणासाठी बीअर गाळत होता, कोणाच्या बायकोची किंवा मुलीची पाळी होती. एकाच्या नावापुढे तर इतर आजाऱ्यांना औषध करून देत असल्याची नोंद वारंवार येते.

स्त्रियांचे स्थान काय होते?

सरकारी पदे आणि शाळा जवळपास पूर्णपणे पुरुषांच्या हाती होत्या. पण कायद्यापुढे स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवता येत असे, वारसा मिळत असे, दावा लावता येत असे आणि घटस्फोट घेता येत असे. संसारात मिळवलेल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा तिचा असे.

रामसेस पाचव्याच्या तिसऱ्या वर्षी, इ.स.पू. ११४५च्या सुमारास, नौनाख्ते नावाच्या वृद्धेने देर अल-मदीनाच्या न्यायसभेपुढे आपले मृत्युपत्र सांगितले. आपण फॅरोच्या देशातली स्वतंत्र स्त्री आहोत, असे सांगून तिने सुरुवात केली. आठ मुलांना वाढवून त्यांचे संसार मांडून दिले, पण म्हातारपणी सगळ्यांनी हात दिला नाही. ज्यांनी दिला त्यांनाच माझे मिळेल, बाकीच्यांना नाही, असे तिचे म्हणणे होते. एका मुलाला तिने इतरांपेक्षा वेगळे म्हणून हातपाय धुण्याचे ब्राँझचे घंगाळ दिले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईचे दुखणे इतक्या स्वच्छ शब्दांत दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळते.

भावाबहिणीची लग्ने होत असत का?

राजघराण्यात होत असत. सामान्य लोकांत फॅरोंच्या काळात ती फारच विरळ होती. नव्या राज्यात पत्नीला आणि प्रेयसीला लाडाने ‘बहीण’ म्हणत, त्यातून हा गैरसमज वाढला.

पुरोहित म्हणजे वेगळा वर्ग होता का?

बहुतेक पुरोहित अर्धवेळ असत. ते चार तुकड्यांत विभागलेले असून एक महिना देवळात आणि तीन महिने आपापल्या घरी, धंद्यावर, असा क्रम असे. सेवेच्या काळात अंगावरचे सगळे केस काढावे लागत आणि लोकर वर्ज्य असे. खरे सामर्थ्य देवळाच्या कोठारात होते. रामसेस तिसऱ्याच्या देणग्यांची नोंद असलेल्या, चाळीस मीटरहून लांब पपायरसात थीब्जच्या (आजच्या लक्सरच्या) देवळांकडे सुमारे ८६ हजार माणसे असल्याचे लिहिले आहे.

जगातला पहिला संप इजिप्तमध्ये झाला, हे खरे का?

लेखी नोंद असलेला पहिला, असे म्हणणे योग्य. रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी, इ.स.पू. ११५७च्या सुमारास, देर अल-मदीनाचे धान्य थकले. ‘पेरेत’ ऋतूच्या दुसऱ्या महिन्याच्या दहाव्या दिवशी कारागीर पहाऱ्याच्या पाच चौक्या ओलांडून बाहेर पडले. आम्ही उपाशी आहोत, शिधा न मिळता अठरा दिवस उलटून गेले, असे म्हणत ते तुथमोस तिसऱ्याच्या देवळामागे जाऊन बसले. मुकादम आणि अधिकारी समजूत घालायला आले, शपथा घेतल्या, तरी ते उठले नाहीत. पुढच्या दिवसांत ते रामसेस दुसऱ्याच्या देवळात शिरले. तहानभुकेने आम्ही इथे आलो आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, हे फॅरोला आणि वझिराला लिहून कळवा, असे त्यांनी सांगितले. तेव्हा मागील महिन्याचा शिधा देण्यात आला. गावचा लेखनिक अमेननाख्त याच्या हातची मानली जाणारी ही नोंद वाचताना त्याचीही अडचण जाणवते, कारण तो सरकारचा माणूस होता आणि त्याचा स्वतःचा शिधाही त्याच कोठारातून येत होता. शिधा पुन्हा थकला आणि कामगार पुन्हा बाहेर पडले. असे त्या वर्षी अनेकदा झाले.

या वस्तू आज कुठे पाहता येतात?

संपाचा पपायरस आणि खा-मेरितच्या थडग्यातल्या बहुतेक वस्तू इटलीत तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहेत. गैरहजेरीपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, तर नौनाख्तेचे मृत्युपत्र ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. खुद्द देर अल-मदीना लक्सरहून नदी ओलांडून पाहता येते, आणि तिथे १८८६ मध्ये सापडलेले सेन्नेजेम या कारागिराचे थडगे आवर्जून पाहावे. आयुष्यभर सरकारी मापाने धान्य घेणाऱ्या या माणसाच्या थडग्यात परलोकातले शेत रंगवलेले आहे : पांढऱ्या स्वच्छ वस्त्रांतला सेन्नेजेम विळ्याने गव्हाच्या ओंब्या कापतो आहे आणि त्याच्या मागे त्याची पत्नी ईनेफेर्ती त्या ओंब्या टोपलीत वेचते आहे.